सिगारेट कंपनीची तबकडी

गेले तीन शनिवार-रविवार मी कॉम्प्युटरसमोर बसून होतो, पण कोडची एकही ओळ लिहिली नाही. टेबलावर एक जुना ग्रुंडिग टेपरेकॉर्डर, पाच इंची स्पूल, कापसाचे बोळे आणि स्पिरिटची बाटली असा पसारा होता. बायकोने पहिल्या शनिवारी विचारलं, "हे काय नवीन?" म्हटलं, नवीन नाही, पन्नास वर्षांहून जुनं आहे.

झालं असं की माझा मामा गेल्या वर्षी गेला. मामीने घर आवरायला काढलं, तेव्हा माळ्यावर एका खोक्यात हा स्पूल सापडला. खोक्यावर मामाच्या अक्षरात फक्त "१९७१" एवढंच. तुम्ही मामाला बघितलं असतंत तर बँकेतले रिटायर्ड मॅनेजर म्हणूनच बघितलं असतंत. संध्याकाळी शिवाजी पार्कला दोन फेऱ्या, चतुर्थीला सिद्धिविनायक. पण लग्नाकार्यात जेवणं झाली, पानं लावली की हा माणूस हळूच सांगायचा, "आम्ही सिमला बीटच्या पहिल्या फेरीत वाजवलं होतं. बेस गिटार माझं." आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. पुरावा म्हणून दाखवायला त्याच्याकडे फोटो नव्हता, तबकडी नव्हती, काहीच नव्हतं.

(बँडचं नाव इथे लिहीत नाही. उरलेले तिघे अजून आहेत, आणि त्यातले दोघे आता नेमाने कीर्तनाला जातात.)

तर आधी हे सिमला बीट म्हणजे काय ते सांगतो. सिमला नावाची मेंथॉलवाली सिगारेट होती. ती काढणारी कंपनी आधी इंपीरियल टोबॅको, १९७० मध्ये तिचं नाव इंडिया टोबॅको झालं, आणि १९७४ पासून आपण तिला आय.टी.सी. म्हणून ओळखतो. सिगारेट तरुणांना विकायची होती आणि १९६४-६५ नंतर शहरातला तरुण बीटल्सच्या मागे वेडा झालेला होता. म्हणून कंपनीने देशभरातल्या बँडांची स्पर्धा ठेवली. शहराशहरांत फेऱ्या, आणि मोठी फेरी मुंबईत, किंग्ज सर्कलच्या षण्मुखानंद सभागृहात. १९६३ मध्ये उघडलेलं, तीन हजारांच्या घरात माणसं बसतील असं हे सभागृह. एरवी तिथे कर्नाटक संगीताच्या मैफिली आणि भरतनाट्यम. त्याच रंगमंचावर केस वाढवलेली वीस-बावीस वर्षांची मुलं ॲम्प्लिफायर ढकलत आणायची आणि बाल्कनीतून शिट्ट्या पडायच्या. मामा सांगायचा की आत शिरताना पायऱ्यांवर भेटलेले एक म्हातारे मामी दोन्ही कानांवर हात ठेवून बाहेर पडले होते. (मामी म्हणजे तमिळ मामी नव्हे, मामांच्या शेजारचे मामी आडनावाचे गृहस्थ. मलाही हे दहाव्या वेळेला ऐकल्यावर कळलं.)

या स्पर्धेतून १९७० आणि १९७१ अशा दोन एल.पी. निघाल्या. माझ्या आजच्या लेखाचा विषय या दोन तबकड्या. त्या काळात हिंदुस्थानातले बहुतेक बीट ग्रुप्स काय वाजवत होते याची मोठी नोंद जी काही आहे, ती या दोनच तबकड्यांत आहे. म्हणजे बघा, एका सबंध पिढीच्या गाण्याचा बॅकअप एका सिगारेट कंपनीच्या जाहिरात खात्याने घेतला, तोही नकळत.

बँड कुठून कुठून आले होते ते बघा. मद्रासचे कन्फ्यूजन्स, कलकत्त्याचे ग्रेट बेअर, शिलाँगचे फेंटोन्स, मुंबईचे व्हेल्वेट फॉग. शिवाय डायनोसॉर्स, एक्सलंट्स, जेन्युइन स्पेअर्स. हे शेवटचं नाव माझं आवडतं. गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानावरची पाटी वाचून ठेवलेलं असावं असं वाटतं. फेंटोन्सनी 'सिमला बीट थीम' नावाचंच गाणं वाजवलं, म्हणजे प्रायोजकाचं ऋण जागच्या जागी फेडलं. डायनोसॉर्स आणि एक्सलंट्स या दोघांनी क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलची गाणी उचलली. अमेरिकेत १९६९ मध्ये निघालेली गाणी वर्ष-दीड वर्षात इथली पोरं वाजवत होती, आणि इंटरनेट वगैरे काही नसताना. रेडिओ सिलोन, बोटीवरच्या कुणी आणलेली एखादी तबकडी, आणि कलकत्त्याहून निघणारं 'ज्युनिअर स्टेट्समन' साप्ताहिक, ज्याला सगळे जे.एस. म्हणत. एवढ्यावर त्यांचं भागायचं. गाण्याचे शब्द रेडिओला कान लावून उतरवायचे. जे कळणार नाही तिथे स्वतःचं काहीतरी ठोकून द्यायचं.

वाद्यांची कथा आणखी वेगळी. परदेशी इलेक्ट्रिक गिटार आणायची तर जकात एवढी की त्यात घराचं भाडं निघावं. मग कलकत्त्याची गिव्हसन घ्यायची, नाव वाचतानाच कळतं की कोणाची नक्कल. नाहीतर सुताराकडून पाट्या कापून घ्यायच्या आणि चोरबाजारातून पिकअप. ॲम्प्लिफायर म्हणजे सार्वजनिक गणपतीत भाड्याने मिळतो तोच. मामाच्या बँडचा ड्रमर रेडिओ दुरुस्त करायचा, त्याने व्हॉल्व्हचा एक ॲम्प स्वतः बांधला होता. त्यात मधूनच विविध भारती ऐकू यायचं म्हणे.

आता प्रामाणिकपणे सांगतो, मी या दोन्ही एल.पी. बऱ्याच वेळा ऐकल्या आणि त्यातला बराच भाग सामान्य आहे. नक्कल आहे, इंग्रजी शब्द अडखळतात, गिटारचा सूर इकडेतिकडे होतो. पण मधेच कन्फ्यूजन्सचं 'व्हॉइस फ्रॉम द इनर सोल' लागतं, किंवा ग्रेट बेअरचं 'मिस्ट', आणि आपण सरसावून बसतो. ही नक्कल नाही. यांना स्वतःचं काहीतरी सांगायचं होतं, आणि ते सांगायची सुरुवात झाली होती.

आणि इथेच माझ्यातला सॉफ्टवेअरवाला जागा होतो. आमच्या धंद्यात कुठल्याही गोष्टीचं पहिलं व्हर्जन भंगार असतं. ते लोकांपुढे जातं, लोक शिव्या देतात, मग दुसरं, मग तिसरं. तिसरं जरा बरं असतं. बँडचंही तेच. बीटल्ससुद्धा पहिल्या तबकडीवर जवळजवळ निम्मी गाणी दुसऱ्यांचीच गात होते. फरक एवढाच की त्यांची दुसरी आणि तिसरी तबकडी निघाली. आपल्या बहुतेक बँडांची पहिलीसुद्धा पुरती निघाली नाही. कोणाचं एक गाणं, कोणाची दोन, एका सामायिक एल.पी.वर. खेळ खलास.

का निघाली नाही? टॅलेंट नव्हतं म्हणून नाही. कारण अगदी रुक्ष आहे. तबकडी कशी बनते ते बघा. आधी मूळ ध्वनिमुद्रणावरून लाखेच्या मऊ थराच्या चकतीत खाच कोरायची. तिच्यावर निकेल चढवून उलटा साचा काढायचा, त्याच्यावरून सुलटा, त्याच्यावरून पुन्हा उलटा. हा शेवटचा साचा यंत्रात बसवून गरम प्लॅस्टिकच्या गोळ्यावर दाबायचा. पहिली प्रत काढेपर्यंत सगळा खर्च होऊन गेलेला असतो. पुढच्या प्रती त्यामानाने स्वस्त. म्हणजे जो पाच हजार प्रती विकेल त्याला परवडतं, जो तीनशे विकेल तो बुडतो. आणि हे यंत्र देशात होतं कोणाकडे? प्रामुख्याने एच.एम.व्ही.कडे, म्हणजे ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाकडे, कलकत्त्याजवळ डमडमला. १९७० च्या आसपास पॉलिडोर आलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा तोडीचा कोणी भेटला. या कंपन्यांना सिनेमाची गाणी दाबायलाच यंत्र पुरत नव्हतं. इंग्रजी गाणाऱ्या चार पोरांसाठी साचा कोण काढणार? फार तर एखादी छोटी तबकडी, दोन बाजूंना दोन गाणी, आणि मग रामराम. नवा कारखाना काढावा म्हटलं तर परवाना, यंत्र आयात करायचा परवाना, परकीय चलनाचा परवाना.

त्याच दशकात दुसरीकडे काय चाललं होतं ते बाजूला ठेवून बघितलं की फरक कळतो. इंग्लंडमध्ये मँचेस्टरला बझकॉक्स नावाचा बँड होता, तोही असाच होतकरू. कुठल्या कंपनीच्या दारात न जाता त्यांनी घरून आणि मित्रांकडून ५०० पौंड उसने घेतले, डिसेंबर १९७६ मध्ये काही तासांत चार गाणी ध्वनिमुद्रित केली आणि जानेवारी १९७७ मध्ये स्वतःच्याच न्यू हॉर्मोन्स या लेबलवर 'स्पायरल स्क्रॅच' नावाने १,००० प्रती काढल्या. हजार संपल्या, पुन्हा काढल्या, १६,००० च्या आसपास गेल्या. त्यानंतर ब्रिटनमध्ये गल्लोगल्ली लेबलं निघाली. यात शौर्य होतंच, पण शौर्याच्या आधी एक साधी सोय होती. कोणीही उठून पैसे देऊन हजार प्रती दाबून आणू शकत होता. आपल्या पोरांना उसने पैसेही मिळाले असते हो, पण ते घेऊन जायचं कुठे?

असो. पुन्हा मुंबईत येऊ.

व्हेल्वेट फॉग या मुंबईच्या बँडचा गायक म्हणजे नंदू भेंडे. होय, आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा मुलगा. आशाताई माहेरच्या एझिकेल, कवी निसीम एझिकेल यांची बहीण. म्हणजे एका बाजूला मराठी रंगभूमी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी कविता, आणि घरातला मुलगा षण्मुखानंदच्या रंगमंचावर रॉक गातोय. मला हे घर फार आवडतं. (बँडच्या नावाचा एक घोळ आहे. इंग्लंडात याच नावाचा एक बँड होता आणि १९६९ मध्ये त्यांची एकच एल.पी. निघाली. इंटरनेटवर शोधायला गेलात की तोच सापडतो. नावं ठेवताना आधी बघावं, हे आम्ही प्रोग्रॅमर लोकही असेच उशिरा शिकतो.)

१९७४ मध्ये ॲलिक पदमसी यांनी मुंबईत 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' बसवलं. त्यात ज्यूडास झाले नंदू भेंडे, आणि जीझस झाला मधुकर धस. मधुकर हा ॲटॉमिक फॉरेस्ट बँडचा गायक. रॉक गाणाऱ्या मुलांना मुंबईत कोणी गांभीर्याने घेतलं असेल तर ते नाटकवाल्यांनी, असं माझं मत झालंय. पुढे १९७८ मध्ये पु.लं.चं 'तीन पैशाचा तमाशा' आलं. ब्रेख्तच्या नाटकाचं मराठी रूप, दिग्दर्शक जब्बार पटेल, संस्था पुण्याची थिएटर ॲकॅडमी. त्यात लावणी होती, नाट्यसंगीताचा बाज होता, आणि नंदू भेंडेंच्या गळ्यातून पाश्चात्त्य पॉप-रॉकही होतं. ज्यांनी ते बघितलं ते अजून सांगतात. मामाने बघितलं होतं. तो म्हणायचा, "आमच्यातला एकटा नंदू मराठीत आला, आम्ही सगळे बँकेत गेलो." नंदू भेंडे एप्रिल २०१४ मध्ये गेले. त्या दिवशी मामाचा फोन आला होता. मी मीटिंगमध्ये होतो, नंतर करतो म्हणालो. नंतर केला नाही.

ॲटॉमिक फॉरेस्टचं एकच नशीब बरं, त्यांची एक एल.पी. आहे, 'ऑब्सेशन ७७'. दुर्मीळ. इतकी की २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या नाऊ-अगेन नावाच्या छोट्या लेबलने ती मुद्रणं जमवून पुन्हा काढली, तेव्हा कुठे आमच्यासारख्यांना ऐकायला मिळाली. सिमला बीटच्या दोन्ही तबकड्यांचंही तसंच. त्याही परदेशातल्या संग्राहकांच्या छोट्या लेबलांनी पुन्हा काढल्या. आपल्याकडे संग्राहक नाहीत असं नाही हां. मुंबईत १९९० मध्ये 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन झाली आणि त्या मंडळींनी जुन्या तबकड्यांबद्दल केवढं लिहून ठेवलंय. पण बालगंधर्वांची प्लेट फडक्यात गुंडाळून ठेवणारा माणूस सिगारेट कंपनीची इंग्रजी एल.पी. त्याच फडक्यात ठेवेल असं होत नाही. ती रद्दीत जाते. गेलीच.

तसं मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत होते. कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या डिस्कोथेकमध्ये ते इथल्या मुलांची वाद्यं घेऊन वाजवायला उभे राहिले, ही गोष्ट त्या पिढीतला प्रत्येक माणूस "मी तिथे होतो" म्हणून सांगतो. सगळे खरं बोलत असते तर स्लिप डिस्क वानखेडेएवढं असायला हवं होतं. त्याच वर्षी त्या दोघांनी मुंबईतल्या वादकांना घेऊन आपली दोन गाणी इथल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रितही केली. ती अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. त्रेचाळीस वर्षं. पण त्यांच्याकडे टेप सांभाळायला माणसं होती. आणि १९७१ मध्ये मळवलीला, आपल्या कार्ल्या-भाज्याच्या लेण्यांच्या स्टेशनवर उतरून, 'स्नेह यात्रा' नावाचा मोकळ्या माळावरचा रॉक मेळावा झाला होता, त्याचं काय उरलंय? आठवणी, आणि त्याही आता सत्तरी ओलांडलेल्यांच्या.

या सगळ्या गोष्टीत एका माणसाने मात्र उत्तर शोधलं, आणि त्यासाठी त्याने लेबलची वाट बघितली नाही. रेमो फर्नांडिस. शिवोलीचा मुलगा, मुंबईत आर्किटेक्चर शिकायला आला आणि सॅव्हेजेस या त्या काळच्या गाजलेल्या बँडमध्ये वाजवून परत गोव्याला गेला. १९८४ मध्ये त्याने घरात बसून 'गोअन क्रेझी' ही कॅसेट केली. गाणी त्याची, सगळी वाद्यं त्याने वाजवलेली, कव्हरवरचं चित्र त्याचं. प्रती काढल्या आणि स्कूटरला पिशव्या अडकवून गोव्यातल्या दुकानांत स्वतः नेऊन दिल्या. पुढच्याच वर्षी 'ओल्ड गोअन गोल्ड', १९८६ मध्ये 'पॅक दॅट स्मॅक'. मग बड्या कंपन्या आणि सिनेमावाले त्याच्या दारात आले.

हे १९७१ मध्ये का नाही जमलं आणि १९८४ मध्ये का जमलं? माझ्या मते दोन यंत्रांमुळे. एक म्हणजे कॅसेट. तिला निकेलचा साचा लागत नाही. पन्नास प्रती काढा नाहीतर पाचशे, प्रत्येक प्रतीचा खर्च जवळपास सारखाच. (याच कारणाने पुढे टी-सिरीज उभी राहिली आणि एच.एम.व्ही.ची मक्तेदारी मोडली, पण तो वेगळ्या रविवारचा विषय.) दुसरं यंत्र म्हणजे पोर्टास्टुडिओ, जे टिॲक कंपनीने १९७९ मध्ये पहिल्यांदा आणलं. हे मला इतकं आवडतं की थोडं खोलात सांगतो, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा.

आपल्या साध्या कॅसेटच्या फितीवर चार पट्टे असतात, दोन 'ए' बाजूचे, दोन 'बी' बाजूचे. पोर्टास्टुडिओ बाजू वगैरे मानत नाही. चारही पट्टे एकाच दिशेने वापरतो, आणि फीत दुप्पट वेगाने पळवतो म्हणजे आवाज स्वच्छ येतो. आता एकटा माणूस आधी पहिल्या पट्ट्यावर ताल वाजवतो. तो कानात ऐकत दुसऱ्यावर बेस, मग तिसऱ्यावर गिटार. मग हे तिन्ही एकत्र करून चौथ्या पट्ट्यावर उतरवतो. आता पहिले तीन पुन्हा मोकळे! त्यांच्यावर बासरी, कोरस, गाणं. पण एकदा चौथ्यावर उतरवून वरचे तीन पुसले की मागे जाणं नाही. बेस जास्त झाला असं नंतर वाटलं तरी उपयोग नाही, तो आता गिटारमध्ये मिसळलेला आहे. शिवाय प्रत्येक उतरवणीला फितीची खरखर वाढते. म्हणून पुढचं सगळं गाणं आधी डोक्यात तयार हवं. आम्हाला आज चूक झाली की एक कमांड मारून कालच्या कोडवर परत जाता येतं. रेमोला शिवोलीत ती सोय नव्हती. ती कॅसेट ऐकताना हे लक्षात ठेवून ऐका.

आता माझ्या स्पूलकडे येतो.

टेपरेकॉर्डर मित्राच्या वडिलांचा. त्याचा पट्टा विरघळून काळा डिंक झाला होता, तो बदलण्यात पहिला शनिवार-रविवार गेला. दुसऱ्या शनिवारी स्पूल चढवला, बटण दाबलं, आणि आलं काय तर "ॐ भवति भिक्षां देहि". मंडळी, ही माझ्या मोठ्या भावाची मुंज! साल १९७६. कोरा स्पूल महाग, घरात हा एक पडलेला, वडिलांनी मामाकडून मागून आणला आणि मामाने दिला. त्याने नाही म्हणायला हवं होतं. पण बहीण मागतेय, भाच्याची मुंज आहे, कोण नाही म्हणेल?

पूर्ण अठ्ठेचाळीस मिनिटं मुंज ऐकली. आजोबांचा आवाज आला, तोही कुठे दुसरीकडे नाही, म्हणून रागावताही येईना. स्पूल उलटा केला. दुसऱ्या बाजूलाही मुंजच. पंगत, "आग्रह करा रे", लहान मुलांची रडारड. एकतिसाव्या मिनिटाला खट् असा आवाज आला आणि मुंज संपली. आणि तिच्या खालून, जिथे वडिलांनी बटण बंद केलं त्याच्या पुढे, १९७१ सुरू झालं.

सतरा मिनिटं उरली आहेत. त्यातली बरीचशी सूर जुळवण्यात आणि भांडणात गेली आहेत. "तू घाई करतोस", "मी नाही, तू". हा मामाचा आवाज, वीस वर्षांचा. मग एक गाणं जवळजवळ पूर्ण आहे, साडेतीन-चार मिनिटांचं. ते कुठल्याही इंग्रजी बँडचं नाही, मी शोधून बघितलं. त्यांचंच असणार. शब्द नीट कळत नाहीत. बेस मात्र लख्ख ऐकू येतो, बहुतेक माइक त्याच्याच शेजारी असावा. चांगला आहे हो. भाचा म्हणून नाही सांगत. दोन ठिकाणी तो असा काही खाली उतरतो की मी तेवढंच पाच-सहा वेळा मागे घेऊन ऐकलं. शेवटच्या कडव्यात चाळीतली एक बाई दार वाजवून ओरडते, "अरे बंद करा ते, पाणी आलंय!" आणि ड्रम थांबतो.

मी त्याची फाईल केली, मामीला दिली, आणि ठाण्याला त्या ड्रमरकाकांना पाठवली. मला वाटलं काका गहिवरतील वगैरे. दोन तासांनी त्यांचा फोन. म्हणाले, "गाणं बरोबर आहे, पण जोरात पळतंय. आम्ही इतक्या जलद वाजवत नव्हतो. तुझं मशीन तपास."

मी मनात म्हटलं, पन्नासहून जास्त वर्षं झाली, आता वेग कसा आठवेल. पण त्यांच्या घरगुती ॲम्पची घुरघुर सबंध मुद्रणात आहे, आणि घुरघुर म्हणजे विजेची, म्हणजे पन्नास हर्ट्झ किंवा त्याची पट. ती मोजली. एक्कावन्न पॉइंट सहा निघाली. टेपरेकॉर्डर तीन टक्क्यांहून थोडा जास्त जलद फिरत होता. मी नवीन पट्टा बसवला तेव्हाच काहीतरी गडबड केली असणार.

काल रात्री वेग कमी करून पुन्हा पाठवली. काकांचं उत्तर सकाळी आलं: "हं. आता आमचं वाटतंय. त्या बेसवाल्याला सांग," आणि पुढे वाक्य अर्धवटच सोडलंय.